घरच्या सीएनसीवर पहिली गिटार केली, त्याची सगळी हकीकत

सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या मशीनचे पैसे भरले ४ डिसेंबर २०२३ ला आणि स्वतः केलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर सहाही तारा चढवल्या २७ ऑक्टोबर २०२४ ला, रविवारी संध्याकाळी. मधल्या अकरा महिन्यांत काय काय झालं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत असं सलग लिहिलेलं मला काही सापडलं नव्हतं आणि पहिले दोन महिने तर नुसती भीतीच वाटत होती की एवढे पैसे घातलेत आणि आता हे जमणार कसं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सांगलीत राहते, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, बी.कॉम. झालेय. मशीन, लाकूड यातलं काही येत नव्हतं. गिटार सात-आठ वर्षं वाजवतेय. आईचं माहेर भिलवडीचं, २०१९ च्या पुरात तिथल्या जुन्या घराची मागची भिंत पडली आणि २०२२ मध्ये मामाने ते घर उतरवलं. त्यातली माजघराची सागवानी तुळई मामा विकणार होता, आठ फूट लांब, पाच बाय सात इंच. मी म्हटलं मला दे. तेव्हा तिचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, दीड वर्ष ती आमच्या जिन्याखाली पडून होती. २०२३ च्या दिवाळीत आई सहज म्हणाली की हिला पाळण्याची कडी होती, तुम्ही सगळी नातवंडं हिच्याखाली झोपलात. त्या रात्रीपासून डोक्यात गिटारच.

हाताने कोरायचं तर सुतारकाम शिकायला हवं, त्याला वर्षं लागतात. म्हणून छोटं सीएनसी. म्हणजे काय, तर सुतार वापरतात तो ट्रिम राउटर एका फ्रेमवर बसवलेला असतो, तीन दिशांना मोटरी, आणि कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगप्रमाणे तो फिरतो. सगळ्यात स्वस्त मिळतं ते ३०१८, पण त्याचा बेड, म्हणजे लाकूड ठेवायची जागा, ३०० बाय १८० मिलिमीटर. गिटारची बॉडी साधारण ४०० बाय ३२० असते, ती त्यावर बसतच नाही. ही चूक बरेच जण करतात, मीही कार्टमध्ये तेच टाकलं होतं. शेवटी ६०० बाय ४०० चं किट घेतलं, बेल्टवर चालणारं, जीएसटी धरून ६२,००० रुपये. "दहा दिवसांत मिळेल" म्हणाले होते, आलं ११ जानेवारीला. रोज फोन करत होते मी. तुम्ही मागवलंत तर निघण्याची तारीख ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं धरू नका.

संक्रांतीच्या सुट्टीत जोडायला घेतलं. तीन खोके, अडीचशेच्या वर स्क्रू, आणि कागद एकच, त्यावरही पुसट फोटो. पहिल्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर मी ते सगळं पसरलेलं बघून अक्षरशः रडले. नवऱ्याने दोन दिवस बाजूला बसून स्क्रू निवडून दिले, त्याचे आभार इथेच मानते. जोडून झाल्यावर फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजायचे असतात, ते सारखे आले तरच चौकोन काटकोनात आहे. माझ्यात दोन मिलिमीटरचा फरक होता. कुपवाड एमआयडीसीत एका मैत्रिणीच्या भावाचं वर्कशॉप आहे, त्याने येऊन गुण्या लावून अर्ध्या तासात ते सरळ करून दिलं. मशीनिंगच्या कामातला एक तरी माणूस ओळखीचा असू द्या, त्यांना चहावर सुटणारी गोष्ट आपल्याला आठवडा घेते.

मग आलं कॅलिब्रेशन. यात मोटर किती पावलं फिरली की एक मिलिमीटर सरकणार हे मशीनला सांगायचं असतं. जीआरबीएल नावाचं फुकट फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर आहे, त्यात १०० नंबरचं सेटिंग एक्ससाठी, १०१ वायसाठी. माझ्यात दोन्हीकडे ४० होतं. मी ३०० मिलिमीटर सरक म्हटलं तर मशीन सरकलं २९८.८. म्हणजे ४० ला ३०० ने गुणून २९८.८ ने भागायचं, ४०.१६ आलं, ते भरलं आणि प्रश्न सुटला. हे सोडून दिलं असतं तर काय झालं असतं ते सांगते. गिटारची स्केल लेंथ, म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अंतर, मी ६४८ मिलिमीटर धरली होती. त्यावर हाच फरक अडीच मिलिमीटरच्या वर जातो. पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, सगळे सारख्या प्रमाणात आकसले तर आपापसात सुरात राहतात, पण ब्रिज आपण पट्टीने मोजून लावणार, तो बरोबर ६४८ वर, आणि मग बाराव्या पडद्यावर वरचा सा बसतच नाही. म्हणून आधी कॅलिब्रेशन, मग बाकी सगळं.

फेब्रुवारी पूर्ण ड्रॉइंग शिकण्यात गेला. फ्रीकॅड वापरलं, फुकट आहे. आकार टेलिकास्टर नावाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या जवळचा घेतला कारण तो नवशिक्यासाठी सगळ्यात सोपा आहे, सपाट फळी, एकच खाच, आणि मान चार स्क्रूने बसते, चिकटवायची नाही. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याने १९५० च्या आसपास ही गिटार अशीच काढली की कारखान्यात पटापट बनावी आणि मान खराब झाली तर स्क्रू काढून बदलता यावी. हेडस्टॉकचा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाचा आकार मात्र मी स्वतःचा काढला, दुसऱ्याच्या ब्रँडची खूण आपल्या गिटारवर कशाला.

आणि इथे मी जी मोठी चूक करणार होते ती तुम्ही करू नका. मी इंटरनेटवरच्या मापांवरून ट्रस रॉडची खाच काढून ठेवली होती, ६ मिलिमीटर रुंद, ९ खोल. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत बसणारी लोखंडी सळई, तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून. प्रत्यक्षात जी आली ती टोकाला साडेसहा रुंद आणि साडेदहा खोल. नशीब, तोवर लाकूड कापलं नव्हतं. सामान आधी हातात घ्या, डिजिटल व्हर्नियरने मोजा, मग ड्रॉइंग काढा. ब्रिज, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग), सगळ्यांना हेच लागू.

ट्रस रॉड आणि पडद्यांची तार बाहेरच्या देशातून मागवली, १० फेब्रुवारीला. २६ ला ट्रॅकिंगवर मुंबई दिसलं आणि तिथेच थांबलं. २८ ला कुरियर कंपनीचा ईमेल, केवायसी द्या. आधार, पॅन, इन्व्हॉइस आणि सही केलेलं अधिकारपत्र, हे सगळं २९ ला पाठवलं. ७ मार्चला परत ईमेल, वस्तूचा वापर कशासाठी ते लिहून द्या. विकणाऱ्याने पार्सलवर नुसतं "मेटल रॉड" लिहिलं होतं, त्यामुळे अडकलं. मी साध्या कागदावर लिहिलं की ही गिटारच्या मानेत बसणारी सळई आहे, वैयक्तिक वापरासाठी दोन नग, विक्रीसाठी नाही, आणि सोबत तिचा फोटो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडला. १८ मार्चला सुटलं, २१ ला घरी आलं. एकूण ४० दिवस. सामान ५,४०० चं, त्यावर ड्युटी आणि कुरियरची हाताळणी मिळून २,२६०. तुम्ही मागवताना विकणाऱ्याला आधीच सांगा की पार्सलवर "गिटारचा सुटा भाग" असं स्पष्ट लिही, आणि कुरियरच्या साइटवर केवायसी पार्सल निघायच्या आधीच भरून ठेवा.

पाडव्यानंतरच्या शनिवारी, १३ एप्रिलला, तुळई घेऊन सॉ मिलवर गेलो. त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं की जुन्या लाकडात खिळे असतात, पट्टा तुटला तर आमचं नुकसान, खिळे काढून आणा. परत घरी. मग मी जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधलं आणि तुळईवरून बोटभर अंतर ठेवून हळूहळू फिरवत गेले. खिळा असेल तिथे चुंबक किंचित झुकतं, लगेच कळतं. खडूने खुणा केल्या, तेवीस खिळे निघाले, काही नुसते गंजके तुकडे, पक्कड आणि पटाशीने एक एक काढले. दोन संध्याकाळी गेल्या. पाळण्याची कडी जिथे होती तिथे लाकडाला भोक आणि त्याभोवती काळाभोर डाग, कारण सागवानातला टॅनिन लोखंडाला लागला की काळा पडतो. तो डाग रंध्याने जाईल म्हणाले मिलवाले, मी म्हटलं राहू दे. कापून दोन फळ्या मिळाल्या, पन्नास मिलिमीटर जाडीच्या, ७०० रुपये घेतले. तडे आणि भोकं सोडून तीन गिटारींचं लाकूड निघेल असा हिशोब बसला. फिंगरबोर्डसाठी, म्हणजे मानेवर पडदे बसतात त्या पट्टीसाठी, शिसव वखारीतून घेतलं, १,९०० रुपये, पक्कं बिल घेऊन. शिसवाचं बिल जपून ठेवा, २०१७ पासून त्या जातीचं सगळं लाकूड साइट्सच्या (CITES, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण नुसती फळी परदेशी पाठवायची तर कागदपत्रं लागतात.

दोन तुकडे फेव्हिकॉलने जोडून बॉडीची फळी केली, डाग मागच्या बाजूला येईल असं बघून. आधी एमडीएफवर पूर्ण बॉडी कापून बघितली होती, ती नीट आली, म्हणून १२ मे ला, रविवारी, खऱ्या लाकडाला हात घातला. ६ मिलिमीटरचा बिट, म्हणजे राउटरचं कापणारं पातं, मिनिटाला १२०० मिलिमीटर वेग, एका फेरीत दीड मिलिमीटर खोल. एवढ्या जाड फळीतून ६ चा बिट एका बाजूने आरपार जात नाही, लांब बिट घेतला तर थरथरतो, म्हणून अर्धं वरून कापायचं, फळी उलटायची, अर्धं खालून. उलटल्यावर जागा चुकू नये म्हणून मधल्या रेषेवर बॉडीच्या बाहेर दोन ८ मिलिमीटरची भोकं, त्यात लाकडी खुंट्या, आणि बेडमध्येही तीच भोकं त्याच मशीनने पाडलेली.

दोन तास सगळं छान चाललं. मग मानेचा खड्डा कापताना व्हॅक्यूमचा पाइप फ्रेमच्या कोपऱ्यात अडकला. कट्ट कट्ट असा आवाज आला, बेल्टचे दात घसरल्याचा, आणि मी बटण दाबेपर्यंत मशीनने खड्डा चार मिलिमीटर बाजूला कापला होता. मशीनला कळत नाही की आपण घसरलोय, ते त्याच्या हिशोबाने बरोबरच जात असतं. मी मशीन बंद केलं, खोलीचं दार लावलं आणि आठ दिवस वर गेले नाही. आईच्या माहेरच्या तुळईचं लाकूड होतं ते.

आठ दिवसांनी पाइप छताला हुक मारून वरून लटकवला, आता तो कुठेच घासत नाही. २६ मे ला दुसरी फळी. मानेचा खड्डा ५६ मिलिमीटर रुंद, १६ खोल. बिट ६ चा म्हणून विकतात पण माझा मोजला तर ५.९२ भरला, तेवढ्याने खड्डा अरुंद येतो आणि मान बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये खरं माप भरा, आणि आधी भंगार एमडीएफवर नुसता खड्डा कापून मान बसवून बघा. या वेळी एक खिळ्याचा तुकडा राहिलेला सापडलाच, ठिणगी उडाली, बिट गेला. तेव्हा ताबडतोब व्हॅक्यूम बंद करून त्याची बादली बाहेर नेऊन बघायची, भुशात ठिणगी धुमसत राहू शकते. दुपारी लाइटही गेली. पण मी मशीनला होमिंगचे स्विच लावले होते, म्हणजे मशीन कोपऱ्यात जाऊन आपली जागा परत शोधतं, आणि कामाचा शून्यबिंदू जी ५४ या सेटिंगमध्ये साठवला होता, तो लाइट गेली तरी कंट्रोलरच्या मेमरीत राहतो, त्यामुळे लाइट आल्यावर होमिंग करून तिथूनच पुढे सुरू करता आलं. हे दोन हजाराच्या आतलं काम आहे, टाळू नका. बॉडीला मशीनचा वेळ साडेपाच तास लागला. दोन्ही बाजूंच्या सांध्याला ०.३ मिलिमीटरची पायरी राहिली, ती पॉलिश पेपरने गेली.

आवाजाबद्दलही सांगते. राउटरचा आवाज मिक्सरपेक्षा मोठा आणि तासन्‌तास. मी शेजारच्या काकूंना आधीच जाऊन सांगितलं, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते एक आणि चारनंतर असं ठरवून दिलं, ते मी पाळते. मास्क एन ९५ चा. सागवान आणि शिसव दोन्हीच्या भुशाने अंगाला खाज येते, शिसवाने मला मनगटावर पुरळ उठलं होतं.

जून-जुलै मान आणि फिंगरबोर्ड. पडद्यांची जागा काढायची रीत सुंदर आहे. उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची, तेवढ्यावर पहिला पडदा, मग उरलेली परत भागायची. ६४८ ला पहिला पडदा ३६.३७ वर, बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर. मशीन इथे खरोखर उपयोगी पडतं, हाताने एवढ्या बारकाईने बावीस खाचा मला कधीच आल्या नसत्या. बिट ०.६ मिलिमीटरचा, केसासारखा. दहा घेतले होते, पाच तुटले. चार तर पहिल्या तासात, कारण मी वेग जास्त ठेवला होता. शेवटी मिनिटाला १५० आणि एका फेरीत ०.२ खोल, अशा बावीस खाचांना सुमारे दीड तास. फळी धरायला क्लॅम्प आड येतात, म्हणून फळीला आणि बेडला दोन्हीकडे मास्किंग टेप लावायची आणि दोन टेपांच्या मध्ये फेव्हिक्विक. पक्कं बसतं आणि नंतर टेप सोलून काढता येते.

मान ६०० च्या बेडवर पूर्ण मावत नाही, हेडस्टॉक बाहेर येतं. मी ट्रस रॉडची खाच आणि मानेच्या कडा मशीनवर केल्या, हेडस्टॉक जिगसॉने, आणि मानेचा मागचा गोलवा पूर्ण हाताने, कानशीने. दर दहा मिनिटांनी डोळे मिटून हातात धरून बघायची, कुठे टोचतं तिथे अजून दोन हात. बाहेर पाऊस, रोज आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघायची आणि मग वर जाऊन कानस घ्यायची, असे दोन महिने गेले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त समाधान याच कामाने दिलं.

पॉलिशला मात्र घाई केली. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावायची. ऑगस्टमध्ये लावली, दुसऱ्या दिवशी सगळीकडे पांढुरकी झाक. हवेतली ओल लाखेत अडकते त्याने होतं ते. स्पिरिटने पुसून काढली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत थांबले. दसऱ्याच्या आठवड्यात ऊन पडलं तेव्हा रोज दोन-दोन हात असे सात दिवस. मागच्या बाजूचा तो काळा डाग लाखेखाली अजून गडद उठून आला. आईने बॉडी उलटी करून त्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता बराच वेळ तशीच बसली.

वायरिंग एका दिवसात झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही, खड्ड्यांना आतून तांब्याची टेप लावा म्हणजे गुणगुण कमी होते.

तारा चढवल्या आणि जाड तारेवर नवव्या पडद्यापासून पुढे झर्र आवाज. दोन दिवस पडदे घासले, ट्रस रॉड फिरवला, जाईना. मिरज आम्हाला अगदी जवळ. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांकडे गिटार घेऊन गेले. त्यांनी गिटारला कधी हात लावला नव्हता. मांडीवर आडवी घेतली, अंगठ्याने एक एक पडद्यावर तार छेडत गेले आणि म्हणाले, "ताई, हिला जवारी लागलीय. आम्ही ती सतारीत मुद्दाम आणतो, तुम्हाला नको असणार." सतारीची घोडी घासून तारेला तोच झंकार द्यायचा हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे तो कुठून येतो हे त्यांना ऐकूनच कळलं. पेन्सिलने दहाव्या आणि चौदाव्या पडद्यावर खूण केली. दोन्ही एका बाजूने केसभर वर होते, खाचेत भुसा राहिला असणार. लाकडाचा ठोकळा ठेवून दोन हलके ठोके, मग कानशीचा एकच हात, आणि झर्र गेली. पैसे घेतले नाहीत. माझा प्लॅस्टिकचा नट बघून त्यांनी उंटाच्या हाडाचा तुकडा दिला, त्याचे मात्र मी १५० रुपये ठेवून आले. तो नट मी घरी घासून बसवला, मोकळ्या तारांचा आवाज लगेच स्वच्छ झाला.

खर्च सगळा सांगते. मशीन ६२,०००, राउटर ३,८००, बिट ४,६००, व्हॅक्यूम आणि भुशाची बादली ६,५००, क्लॅम्प-व्हर्नियर-एमडीएफ ५,२००, म्हणजे ८२,१०० हत्यारांचे. गिटारीचे वेगळे, परदेशातलं सामान ड्युटीसकट ७,६६०, पिकअप आणि वायरिंग ४,८००, ट्यूनर १,९००, ब्रिज १,४५०, शिसव १,९००, सॉ मिल ७००, लाख-स्पिरिट-पेपर ८५०, तारा ५५०, हाड १५०, एकूण १९,९६०. एवढ्यात दुकानात चांगली गिटार येते, पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका. वहीत टिपलेले हातकामाचे तास १४० आहेत. वजन ३.८ किलो भरलं, सागवान जड, दुसऱ्या गिटारीत आतून पोकळी काढणार आहे.

ती दुसरी म्हणजे मे मध्ये खड्डा चुकलेली फळीच. चुकलेल्या खड्ड्यात त्याच तुळईचा तुकडा तासून, रेषा जुळवून बसवला आणि चिकटवला. परवा रात्री क्लॅम्प लावलेत, रविवारी सकाळी दहानंतर काढीन.